पिवळं कार्ड आणि बाकीचं सगळं

सकाळी 6.15

दवाखाना उघडण्याआधी फ्रीज उघडते. रात्रभर पाऊस कोसळला, वीज दोनदा गेली. अलिबागजवळच्या नागावात जुलैत हे नेहमीचंच. वाडीतल्या एखाद्या माडाची झावळी तारेवर पडली की सगळी आळी अंधारात. हा फ्रीज फक्त लशींचा आहे. दारात पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवल्यात, वीज गेली तरी थंडावा टिकावा म्हणून. बाकी त्यात दूध नाही, भाजी नाही, आणि मदतनीस ताईंचा डबाही नाही. मधल्या कप्प्यातला थर्मामीटर 6.4 दाखवतो. 2 ते 8 अंशांच्या आत आहे. वहीत आकडा लिहिते, सही करते. संध्याकाळी पुन्हा लिहायचा.

लस गरम होऊन बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं. गोठून बिघडते हे फार कमी जणांना माहीत असतं. हिपॅटायटिस बी किंवा धनुर्वाताची लस एकदा गोठली की संपली, पुन्हा वितळवून उपयोग नाही. अलिबागहून लशीची पेटी येते तेव्हा मी आधी त्यातला आइस पॅक उचलते आणि कानाशी धरून हलवते. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर पॅक बाहेर काढून थोडा वितळू दिला होता, म्हणजे लशीला बर्फाचा चटका बसलेला नाही. दगडासारखा घट्ट पॅक आला तर संशय घ्यायचा. मग कुपी हलवून ठेवायची आणि बघत बसायचं. गोठून गेलेल्या लशीत कण दिसतात, गाळ भराभर तळाला बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहतं. अशी पेटी परत जाते. आणणारा मुलगा पावसात भिजत आलेला असतो, वाईट वाटतं, पण पेटी परतच जाते.

सकाळी 9.00

पहिला दीड तास पावसाळ्याचा. ताप, खोकला, जुलाब, चिखलात अनवाणी काम करून पायाला झालेल्या जखमा. लेप्टोस्पायरोसिसचा संशय असलेला एकजण अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पाठवला. हे सगळं रोजचं आहे, त्यावर लिहीत नाही. एकच सवय सांगते: तापाच्या प्रत्येक माणसाला मी विचारते, "गेल्या वर्षभरात कुठे बाहेर जाऊन आलात?" बरेचजण म्हणतात, "बाहेर म्हणजे पनवेलला." पण या किनाऱ्यावर थळपासून रेवदंड्यापर्यंत अशी आळी सापडणं कठीण, जिथला कुणी बोटीवर नाही किंवा आखातात नाही. म्हणून विचारायचंच.

सकाळी 10.30

आजचा सगळ्यात मोठा खोळंबा. आक्षीचा एक मुलगा, वय एकवीस, वडिलांसोबत. बोटीवर पहिलंच जॉइनिंग. सीडीसी (खलाशाचं पुस्तक) हातात, मेडिकल झालेलं. बोट सिंगापूरला धरायची, पुढे नायजेरिया. एजंटने काल रात्री कळवलं की पुढच्या मंगळवारचं विमान आहे, यलो फिव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड तेवढं करून घे. वडील म्हणाले, "डॉक्टर, तेवढं इंजेक्शन मारून द्या, म्हणजे झालं."

मी देऊ शकत नाही. यलो फिव्हरची लस आपल्याकडे सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत बंदर आरोग्य संघटना, विमानतळ आरोग्य संघटना आणि काही मोठी सरकारी रुग्णालयं. केंद्रांचे वार ठरलेले असतात, आधी नंबर लावावा लागतो. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि कुपी एकदा तयार केली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून माणसं जमवूनच ती उघडतात. नागावहून तिथे पोहोचणं हेही एक कामच आहे. पावसाळ्यात मांडवा ते गेटवेच्या लाँच बंद. भाऊच्या धक्क्याची रो-रो समुद्र असेल तशी. नाहीतर एसटीने वडखळ, पेण करत जायचं. म्हणजे पहाटे निघायचं आणि अख्खा दिवस त्यातच घालवायचा.

खरी अडचण त्याहून मोठी आहे. लस घेतल्यावर कार्ड दहा दिवसांनी लागू होतं. शरीराला संरक्षण तयार करायला तेवढे दिवस लागतात म्हणून हा नियम आहे. शुक्रवारी लस घेऊन मंगळवारी निघालेल्या मुलाच्या खिशातलं कार्ड त्या दिवशी कागदाचा तुकडा असतं. वडिलांचा आवाज खाली आला. "मग एकजण म्हणतो, मागची तारीख टाकून शिक्का देतो."

असे दलाल आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारी घरंही आहेत. पहिली नोकरी हातची जाईल या भीतीने जातात. मी त्या मुलाशी बोलले, वडिलांशी नाही. म्हटलं, यलो फिव्हरवर औषध नाही. आजार वाढला तर कावीळ होते, रक्तस्राव होतो, आणि तशा झालेल्यांतले बरेच दगावतात. ज्या लशीसाठी मॅक्स थायलर यांना 1951 साली नोबेल मिळालं, ती लस एकदा घेतली की जन्मभर पुरते. जन्मभर पुरणारी गोष्ट खोटी घेऊन काय करणार? दवाखान्यातूनच एजंटला फोन लावायला सांगितला. दहा मिनिटं वादावादी झाली. अखेर तो म्हणाला, बोट पुढच्या महिन्याची देतो, आधी कार्ड पाठवा. बहुतेक वेळा असं होतं. विचारलं तर तारीख सरकते, पण विचारायचं धाडस पहिल्या बोटीच्या मुलात नसतं.

मग मी म्हटलं, आता बाकीचं बोलू. वडिलांना आश्चर्य वाटलं. बाकीचं काय? नायजेरियाला जायचं तर देश कार्ड मागतो ते यलो फिव्हरचं. पण त्या किनाऱ्यावर बोटीवरच्या मुलाला जास्त धोका असतो तो मलेरियाचा. त्याचं कार्ड कुणी मागत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी सांगतही नाही.

"मलेरिया आमाला काय नवा हाय? वाडीत मच्छर चावतच असतात लहानपणापासून," वडील म्हणाले. आपल्याकडे व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियाचे रुग्ण खूप दिसतात. तो माणसाला हैराण करतो, पण सहसा जीव घेत नाही. पश्चिम आफ्रिकेतला मलेरिया जवळपास सगळा फाल्सीपेरमचा, तो मेंदूपर्यंत जातो आणि काही दिवसांत संपवतो. वाडीतल्या डासांनी कुणाला त्याच्यापासून संरक्षण दिलेलं नाही.

त्याला डॉक्सिसायक्लिन लिहून दिली. मलेरियाच्या भागात पोहोचायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, तिथे असेपर्यंत रोज एक, आणि तो भाग सोडल्यावर चार आठवडे. शेवटचे चार आठवडे सगळे विसरतात, म्हणून चिठ्ठीवर लाल पेनाने लिहिलं. जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घे, घेतल्यावर लगेच आडवा होऊ नकोस, नाहीतर अन्ननलिका जळते. या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते आणि तुझं काम डेकवर, तेव्हा पूर्ण बाह्या आणि टोपी. मलेरियाचा डास रात्री चावतो. बंदरात बोट लागली की संध्याकाळनंतर केबिनची दारं बंद ठेव. मुलगा मोबाइलवर एकेक लिहून घेत होता. मला तो आवडला.

दुपारी 12.00

चौलची मुलगी, अमेरिकेत एमएसला चालली आहे. विद्यापीठाचा फॉर्म आणि सोबत लहानपणचं लसीकरणाचं कार्ड, उपकेंद्रातलं, कडा झिजलेलं. आईने इतकी वर्षं जपून ठेवलं याबद्दल तिला हात जोडावेसे वाटतात. निम्म्या मुलांकडे हे कार्ड नसतंच. कार्डावर नवव्या महिन्यातली गोवराची नोंद आहे. विद्यापीठाला एमएमआरचे, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्र लशीचे, दोन डोस हवेत. ती जन्मली तेव्हा सरकारी कार्यक्रमात एमएमआर नव्हती.

हिशेब मांडला. आज 22 जुलै. दोन डोसांत 28 दिवस हवेत, म्हणजे दुसरा 19 ऑगस्टला. विमान 17 ला. शिवाय टीबीची चाचणीही मागितली आहे. मँटू चाचणी आणि एमएमआर एकाच दिवशी केली तर चालते. एमएमआर आधी झाली तर मात्र चाचणीसाठी चार आठवडे थांबावं लागतं, कारण जिवंत लशीने निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून आज दोन्ही. डाव्या हाताच्या कातडीत मँटूचा छोटा फुगवटा, उजव्या दंडात एमएमआर, आणि मेनिंजायटिसची चार प्रकारांवरची लसही उरकली. चाचणीचा निकाल 48 ते 72 तासांत बघायचा, तेव्हा शुक्रवारी ये. एमएमआरचा दुसरा डोस तिथे गेल्यावर. आजची नोंद इंग्रजीत, सही-शिक्क्यासह दिली.

वडिलांचा प्रश्न सरळ होता. एवढ्या पुढारलेल्या देशात गोवर कशाला येईल? अमेरिकेने 2000 साली आपल्याकडून गोवर हटल्याचं जाहीर केलं होतं, आणि 2025 मध्ये टेक्सासात त्याचा मोठा उद्रेक झाला. आपल्या मुंबईत 2022 च्या हिवाळ्यात गोवंडीत गोवराने मुलं गेली. जिथे टोचून घेणारे कमी होतात तिथे तो परत येतो, आणि वसतिगृहात तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला त्याला वेळ लागत नाही.

जाताजाता सांगितलं की दात दाखवून घे, चष्म्याची दुसरी जोडी आणि नंबर सोबत ठेव. दाढ तिथे दुखली तर विम्यात बहुधा बसत नाही.

दुपारी 1.00

नागावातल्याच काकू. लेकीच्या बाळंतपणाला दुबईला चालल्यात. साखर आणि रक्तदाब दोन्ही, इन्सुलिन चालू. त्यांना फक्त "विमानात कान दुखू नये म्हणून गोळी" हवी होती.

मी बॅगेची यादी मागितली. यादी ऐकताऐकता डिंकाच्या लाडवांवर थांबले. "काकू, लाडवात खसखस?" त्या अभिमानाने म्हणाल्या, चांगली वाटीभर. अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे, ती अमली पदार्थांत धरतात. विमानतळावर लाडवाच्या डब्यावरून बाळंतिणीच्या आईला बसवून ठेवलं तर लेकीचं काय होईल? काकू एकदम गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "बिनखसखशीचे करते. चव नाही यायची, पण ठीक." खोकल्याचं कोडीनवालं औषध आणि गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेली ट्रॅमाडॉलही काढायला लावली. त्यांवरही तिथे कडक नियंत्रण आहे.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सामानात नाही. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. सोबत चिठ्ठी, औषधाचं मूळ नाव लिहिलेली, कारण आपल्या कंपनीचं नाव तिथल्या दुकानदाराला कळेलच असं नाही. सलग बसून राहू नका, अधूनमधून उठा, पाणी पीत राहा.

आणि दोन सुया. काकू दचकल्या. एक फ्लूची, एक डांग्या खोकल्याची. दुबईत दोन्हींपैकी एकही मागत नाहीत. पण पहिले दोन महिने बाळाला डांग्या खोकल्याची स्वतःची लस नसते, आणि ज्यांच्याकडून तो बाळाला होतो ती बहुतेक घरातलीच, मांडीवर घेणारी माणसं असतात. निघायच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायची. काकूंनी लगेच बाही वर केली.

दुपारी 3.15

जेवण, अर्धा तास पाठ टेकली. मग गावातल्या एका होमस्टेवाल्यांचा फोन. हिवाळ्यात इस्रायलहून एक कुटुंब येणार आहे, आजी-आजोबा, मुलगा-सून, दोन नातवंडं. आजोबांचं लहानपण अलिबागच्या इस्राएल आळीतलं. त्यांना मागेन अबोथ सिनेगॉग बघायचं आहे, आणि नवगावला जायचं आहे, जिथे बेने इस्राएलांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं मानतात. आडनावात अजून रायगडातल्या गावाचं नाव असलेली ही माणसं. होमस्टेवाले विचारत होते, "त्यांना काय सांगू? आजोबा म्हणतात, मी इथलाच आहे, मला काय होणार."

परदेशात राहून गावी येणाऱ्यांचा मला हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकापेक्षा जास्त घोर असतो. पर्यटक बाटलीचं पाणी पितो. घरचा माणूस विहिरीचं पितो, नातेवाइकांकडे जेवतो, महिनाभर राहतो, आणि डॉक्टरकडे जात नाही कारण आपल्याच घरी चाललोय. पोटाची आणि तापाची जी सवय लहानपणी होती ती अनेक वर्षांत उरत नाही, आणि तिथे जन्मलेल्या नातवंडांना ती कधी नव्हतीच. मोठ्या लिखापढीशिवाय सांगितलं: सगळ्यांनी टायफॉइड, मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हिपॅटायटिस ए, निघायच्या महिनाभर आधी तिथल्या डॉक्टरांकडे. शहाळं समोर फोडलेलं प्यायला हरकत नाही, बर्फाचा गोळा नको. आणि किनाऱ्यावरच्या कुत्र्यांशी खेळू नका, मुलांना हे आधीच बजावा. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सुई. पिल्लू होतं, घरचं होतं, यावर विश्वास ठेवायचा नाही.

संध्याकाळी 5.00

निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. टूर कंपनीसोबत केनियाला, मसाई मारातली जनावरांची ती मोठी ये-जा बघायला. आयुष्यभर साठवलेली हौस. कंपनीने लशीचं केंद्र, दिवस, सगळं ठरवून दिलंय. ते फक्त "एकदा तुम्हाला विचारून" म्हणून आले होते.

बरं झालं आले. सरांना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे, आणि वय 67. यलो फिव्हरची लस जिवंत विषाणूची. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्याला ती धोक्याची, आणि साठीनंतर पहिल्यांदाच घ्यायची तर धोका आणखी वाढतो. बाईंना मधुमेहसुद्धा नाही, पण त्याही 63 च्या, त्यांच्याबाबतही विचार करूनच.

लस देता येत नाही असं डॉक्टरचं पत्र मिळतं. पण केनियाहून परतताना वैध कार्ड नसेल तर आपला देश सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतो. आपण याबाबत इतके कडक का, हे मी सरांना समजावलं. हा रोग पसरवणारा एडिस डास आपल्याकडे प्रत्येक उघड्या पिंपात आहे, पण रोग आशियात अजून बस्तान बसवू शकलेला नाही. एक आजारी प्रवासी पुरेल. सर शिक्षकच, त्यांना हे लगेच पटलं. पत्नी मात्र खिडकीबाहेर बघत बसल्या.

सिंहच बघायचे असतील तर दक्षिण आफ्रिका आहे. तो यलो फिव्हरच्या यादीत नाही. क्रूगरच्या भागात मलेरिया आहे, पण त्याच्या गोळ्या सरांना सोसतील अशा शोधता येतात, मेथोट्रेक्सेटशी त्यांचं जमतं का ते आधी तपासून. "पैसे बुडतील थोडे," सर म्हणाले. पत्नी म्हणाल्या, "बुडू देत. सिंह तेच ना?"

संध्याकाळी 6.30

रेवदंड्याचे एक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, बोटीवर आयुष्य काढलेले. 2009 चं पिवळं कार्ड. कुणीतरी सांगितलं दहा वर्षांची मुदत संपली, पुन्हा घे. आधी मुदत तशीच होती. 11 जुलै 2016 पासून कार्ड जन्मभर वैध, जुनी कार्डंसुद्धा. लस पुन्हा घ्यायची गरज नाही. त्यांचं कार्ड ओलसरपणाने फिकट झालंय, तारीख अजून वाचता येते. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा म्हटलं. वडिलांचंही पुस्तक त्यांनी आणलं होतं, देवीचे आणि कॉलऱ्याचे शिक्के असलेलं. देवीचा रोग जगातून गेला, 1980 साली तसं जाहीर झालं. बंदरावर तो शिक्का आता कुणी विचारत नाही. लस टोचून घेणाऱ्या माणसांनी एक अख्खं पान रिकामं केलं, असं मला त्या पुस्तकाकडे बघताना वाटतं.

फ्रीज: 7.1. वहीत नोंद.

रात्री 8.40

घरी जायला निघाले आणि फोन आला. नवरा घानाहून येऊन बारा दिवस झालेत, दोन दिवस ताप, थंडी, आज बोलताना गोंधळतोय. घरच्यांनी दुकानातून पॅरासिटामॉल आणून दिली होती. "पावसाळी ताप असेल म्हणून थांबलो डॉक्टर."

मी गेले नाही, वाट पाहायला सांगितलं नाही. गाडी काढा, थेट अलिबाग, दारात पोहोचताच सांगायचं की माणूस आफ्रिकेहून आलाय, मलेरियाची चाचणी आत्ता. तिकडच्या ड्युटी डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. पाऊण तासाने कळलं, फाल्सीपेरम. शिरेतून आर्टेसुनेट सुरू झालं. साखर कमी झालेली, तीही सांभाळली. शुद्ध आहे.

पत्नीशी पुन्हा बोलले. लस घेतली होती का? घेतली होती, पिवळं कार्ड त्याच्या पासपोर्टमध्येच आहे. मलेरियाच्या गोळ्या? त्या कुणी सांगितल्याच नव्हत्या.

तिचा पुढचा प्रश्न होता, घरात लहान मुलं आहेत, त्यांना लागण होईल का? माणसाकडून माणसाला होत नाही, पण तो दोन रात्री तापाने फणफणत घरात झोपला होता आणि आपल्याकडे मलेरियाचा डास आहे. आज रात्रीपासून मुलं मच्छरदाणीत. उद्या सकाळी आरोग्य सेवक येतील, घरातल्यांचं आणि शेजारच्या घरांत ज्यांना ताप असेल त्यांचं रक्त घेतील, विहिरीत आणि टाकीत अळ्या आहेत का बघतील. त्यांना घरात येऊ द्या, आणि पुढचे काही आठवडे आळीत कुणालाही ताप आला तर ही गोष्ट लपवू नका. ती म्हणाली, "शेजारी काय म्हणतील?" मी म्हटलं, शेजाऱ्यांना मीच फोन करते, त्यांचे नंबर पाठवा. तिने चार नंबर पाठवले.